राखेखालचे मूळ : तेंदूचे झुडूप आणि वणवा

जूनअखेरीस शाळा उघडते आणि वसतिगृह पुन्हा गजबजू लागते, तेव्हा विज्ञानाच्या पहिल्या काही तासांना आम्ही पाठ्यपुस्तक उघडत नाही. मुलांनी सुट्टीत काय पाहिले, तेच त्या दिवसांचे पुस्तक. प्रताप नगरच्या या परिसरात राहून शिकणारी आमची कितीतरी मुले भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतून येतात. मे महिन्यात आईवडिलांबरोबर पहाटे जंगलात जाऊन तेंदूची पाने तोडणे, दुपारी सावलीत बसून पुडे बांधणे आणि संध्याकाळी ते फळीवर नेऊन मोजून देणे, हीच त्यांची सुट्टी असते. अशाच एका तासाला आठवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, जंगल जळल्यावरच पाला चांगला येते, असं आमचे आबाजी सांगतात. अन् पुस्तकात तं लिहून आहे, वणवा वाईट. मग खरं काय?”

‘पुस्तकात लिहिले आहे तेच खरे,’ असे म्हणून आम्ही त्या दिवशी पुढे गेलो. नंतर आमच्या लक्षात आले, की ते उत्तर नव्हते. त्या मुलाचे आबाजी खोटे सांगत नव्हते. आयुष्यभर जंगलात वावरलेल्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट ते सांगत होते. जे दिसते ते खरे असते. पण ते कशामुळे घडते, याचा शोध वेगळा घ्यावा लागतो. कोणतीही गोष्ट केवळ परंपरेने सांगितली किंवा केवळ ग्रंथात आहे म्हणून मानू नये, स्वतः तपासून पाहावी, ही शिकवण ज्या धम्माची, त्या धम्माच्या छायेत चालणाऱ्या शाळेने तरी त्या मुलाला अर्धवट उत्तर देऊन बसवायला नको होते. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर आम्ही येथे पूर्ण करीत आहोत. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी ते आपल्या अनुभवाशी ताडून पाहावे.

झाड की झुडूप?

तेंदूला आपल्याकडे टेंभुर्णी, टेंभरू अशीही नावे आहेत. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. आबनुसाच्या कुळातली ही वनस्पती भारतीय द्वीपकल्पातल्या शुष्क पानझडी जंगलांची मूळ रहिवासी आहे. नावातल्या ‘मेलॅनोझायलॉन’ या शब्दाचा अर्थ ‘काळे लाकूड’ असा होतो. जुन्या झाडाच्या गाभ्यातले लाकूड खरोखरच काळेभोर असते. पूर्ण वाढलेल्या तेंदूची सालही काळपट, जाड आणि चौकोनी भेगांनी तडकलेली असते. मगरीच्या पाठीसारखी ही साल एकदा पाहिली की झाड पुन्हा विसरत नाही.

परंतु आमच्या मुलांना ठाऊक असलेला तेंदू हा असा उंच वृक्ष नव्हे. त्यांचा तेंदू गुडघ्याएवढा, फार तर कमरेएवढा असतो. विडीसाठी पाने तोडली जातात ती बहुतांशी अशा झुडपांचीच. कारण त्यांची पाने मोठी, कोवळी आणि लवचीक असतात. जंगलाच्या तळाशी ही झुडपे इतकी दाट असतात, की वाटावे ही वनस्पती जन्मतःच झुडूप आहे. वास्तविक त्यातली बरीचशी वृक्ष होऊ शकली असती. वारंवार तोडली, चरली आणि जाळली गेल्यामुळे ती झुडूप राहिली आहेत. पुढचे विवेचन नीट समजण्यासाठी ही गोष्ट प्रथमच ध्यानात ठेवावी.

वणवा कसा चालतो?

वणवा म्हटले की शेंड्यापासून शेंड्याकडे झेपावणाऱ्या ज्वाळांचे चित्र डोळ्यांपुढे येते. विदर्भातला वणवा सहसा तसा नसतो. तो जमिनीलगत चालतो. फेब्रुवारीपासून साग, तेंदू, ऐन, धावडा यांची पाने गळू लागतात. मार्च-एप्रिलपर्यंत जंगलाच्या तळाशी वाळलेल्या पाचोळ्याचा आणि गवताचा थर साचतो. या थराला ठिणगी लागली की आग वाऱ्याच्या दिशेने सरकत जाते, पाचोळा खाते आणि पुढे निघून जाते. एखाद्या ठिकाणी ती फार काळ थांबत नाही. मात्र पडलेले ओंडके आणि वाळलेले खुंट दिवसचे दिवस धुमसत राहतात.

ही ठिणगी येते कुठून? ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेच्या काही भागांत वीज पडून वणवे लागतात. आपल्याकडे विजा कडाडतात त्या बहुधा पावसाबरोबर. भर उन्हाळ्यातले आपल्याकडचे वणवे जवळजवळ सर्वच माणसाच्या हातून लागतात. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि आग पुढे पसरते. गवत नव्याने फुटावे म्हणून कोणी काडी लावतो. कोणाच्या हातातली विडी विझता विझता पाचोळ्यात पडते. आणि काही ठिकाणी, तेंदूला नवा पाला यावा म्हणूनही जाणूनबुजून आग लावली जाते. त्या मुलाच्या आबाजींचे वाक्य या शेवटच्या कारणाशी जोडलेले आहे.

राखेखाली काय घडते?

आग येऊन गेल्यावर तेंदूच्या झुडपाची पाने आणि कोवळ्या फांद्या जळून जातात. उरतात ते काळे पडलेले काटकुळे खुंट. वनस्पतीच्या जिवंत पेशी साधारण ६० अंश सेल्सिअस तापमानाला मरतात आणि पाचोळ्याच्या आगीत तापमान त्याच्या कितीतरी पट चढते. त्यामुळे जमिनीवरचा भाग वाचणे शक्यच नसते. मात्र माती ही उष्णतेची मंद वाहक आहे. आग झपाट्याने पुढे गेली, तर चार-पाच बोटे खोलीवर तिची धग फारशी पोचत नाही. तेंदूचा खरा संसार त्याखालीच असतो.

तेंदूचे रोप वर येण्याआधी खाली जाते. बी रुजल्यावर त्याचे सोटमूळ वेगाने खोल उतरते, तर वरचा कोंब मात्र खुजाच राहतो. पहिल्या काही वर्षांत उन्हाळ्याने किंवा आगीने कोंब करपला, तरी मूळ तग धरते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कोंब काढते. या काळात पाने जे अन्न तयार करतात, त्याचा मोठा वाटा मुळात पिठूळ पदार्थाच्या, म्हणजे स्टार्चच्या, रूपाने साठत जातो. मूळ म्हणजे या झुडपाचे कोठार.

शेंडा जिवंत असतो तोवर त्यातून एक संप्रेरक खाली वाहत असते. वनस्पतिशास्त्रात त्याला ऑक्सिन म्हणतात. मुळाच्या मानेपाशी आणि आडव्या उपमुळांवर जे डोळे निद्रिस्त असतात, त्यांना ते दाबून ठेवते. शेंडा जळाला की हा दाब उठतो. मुळात तयार होणारी दुसरी संप्रेरके डोळ्यांना फुटायला लावतात, स्टार्चचे साखरेत रूपांतर होते आणि साठवलेले अन्न वर चढू लागते. खोल गेलेल्या मुळांना जमिनीतला ओलावा मिळत असल्यामुळे पावसाची वाटही पाहावी लागत नाही. सगळीकडे रखरख असताना दोन-तीन आठवड्यांत काळ्या खुंटांच्या बुडाशी तांबूस, मऊ लव असलेले धुमारे दिसू लागतात. साधारण दीड महिन्यात पाने तोडणीयोग्य होतात.

काही धुमारे खुंटाच्या बुडातून येतात, तर काही हात-दोन हात दूर, उपमुळावरून थेट जमिनीतून. या दुसऱ्या प्रकाराला मूळ-फुटवे म्हणतात. तेंदू त्यांत विशेष पटाईत आहे. आपल्याकडचा पळसही असाच मुळांवरून फुटतो. म्हणून शेताच्या बांधावरचा पळस कितीही तोडला तरी शेतकऱ्याला तो दरवर्षी नव्याने भेटतो. जगभरच्या आगीच्या प्रदेशांत वनस्पतींनी जगण्याचे दोन मुख्य मार्ग काढलेले दिसतात. काही वनस्पती आगीत पूर्ण मरतात, पण त्यांच्या बिया आगीनंतर रुजतात. ऑस्ट्रेलियातल्या बँक्सियाच्या काही जातींची कठीण फळे आगीच्या धगीनेच उघडतात आणि बी मोकळे होते. दुसऱ्या वनस्पती वरचा देह सोडून देतात आणि मुळातून परत येतात. तेंदू या दुसऱ्या पंगतीतला.

पाली विनयपिटकात वनस्पतींची एक वर्गवारी आहे, तिची येथे आठवण होते. भिक्खूंनी वनस्पतींना इजा करू नये या नियमाचे स्पष्टीकरण करताना, वनस्पती कशापासून वाढतात यावरून त्यांचे पाच प्रकार सांगितले आहेत : मुळापासून वाढणाऱ्या मूलबीज, खोडापासून वाढणाऱ्या खंधबीज, पेरांपासून वाढणाऱ्या फळुबीज, शेंड्यापासून वाढणाऱ्या अग्गबीज आणि बियांपासून वाढणाऱ्या बीजबीज. उदाहरणेही घरगुती आहेत. मूलबीजात हळद आणि आले, खंधबीजात पिंपळ आणि वड, फळुबीजात ऊस आणि बांबू, बीजबीजात धान्ये आणि कडधान्ये. आजचे वनस्पतिशास्त्र हळद-आल्याला मूळ नव्हे तर जमिनीतले खोड म्हणेल. पण वनस्पतीचे जीवन बियांपुरते मर्यादित नाही, हे निरीक्षण पक्के आहे. या भाषेत सांगायचे तर तेंदू बीजबीज आहे तसाच मूलबीजही आहे. वणव्यात तो आपले पहिले रूप गमावतो आणि दुसऱ्या रूपाने तरतो.

श्रेय आगीचे की मुळाचे?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. आग लागल्यावर कोवळा, मोठा पाला येतो, हे खरे आहे. पण तो आगीने दिलेला नसतो. तो मुळाच्या कोठारातून काढलेला असतो. आगीने केलेले काम एवढेच, की तिने जुना शेंडा दूर केला.

याचा पुरावा जंगलातच आहे. तेंदूपत्त्याच्या हंगामापूर्वी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, अनेक ठिकाणी झुडपे जमिनीलगत कापतात. आपल्या भागात या कामाला बेलाकटाई म्हणतात. कोयत्याने कापलेल्या झुडपालाही दीड महिन्यात तसाच कोवळा, मोठा पाला येतो. काडी न लावताही तोच परिणाम मिळत असेल, तर परिणामाचे कारण आग नव्हे, हे उघड आहे. दोन्ही प्रसंगी समान असलेली गोष्ट एकच : शेंडा गेला आणि मूळ शाबूत राहिले.

राखेमुळे खत मिळते, असाही एक समज आहे. त्यातही अर्धे सत्य आहे. राखेत पालाश, चुना आणि थोडे स्फुरद झाडांना लगेच मिळेल अशा रूपात असते. परंतु पाचोळ्यातला नत्र आगीत बहुतांशी वायुरूपाने उडून जातो. उरलेली हलकी राख वाऱ्याने उडते आणि पहिल्या जोरदार पावसात उताराने वाहून जाते. तोच पाचोळा सावकाश कुजला असता, तर मातीत ह्यूमस झाला असता आणि पाणी धरून राहिला असता. आग एका हंगामात उधळून टाकते, ती जमिनीची अनेक वर्षांची ठेव असते.

झुडूप जगते; पण काय गमावते?

तेंदू वणव्यातून परत येतो, एवढ्यावर पाठ संपवला तर तो चुकीचा ठरेल. परत येण्याची किंमत असते.

पहिली किंमत कोठाराची. प्रत्येक नवा धुमारा साठवलेल्या अन्नावर वाढतो. पाने पूर्ण वाढून पावसाळाभर अन्न तयार करतात तेव्हाच कोठार पुन्हा भरते. झुडूप कापले किंवा जळले, पाने फुटताच ती तोडली, पुढच्या वर्षी पुन्हा तेच झाले, तर खर्च दरवर्षीचा आणि जमा अपुरी, अशी स्थिती होते. काटक झुडूप अशी कित्येक वर्षे काढते. पण ती वर्षे फुकट जात नाहीत.

दुसरी किंमत उंचीची. धुमारा माणसाच्या डोक्याबाहेर जाऊन त्याला जाड साल धरली, की पुढे जमिनीलगतची आग त्याला सहसा मारू शकत नाही. पण तिथवर पोचायला आगीविना सलग काही वर्षे मिळावी लागतात. ती मिळाली नाहीत, तर झुडूप झुडूपच राहते. झुडपाला टेंभरे लागत नाहीत. पिवळी, गोड टेंभरे आमच्या मुलांनी उन्हाळ्यात खाल्लेली असतात. अस्वल, माकडे आणि पाखरेही ती खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. फळे नाहीत, तर बी नाही आणि बीजातून येणारी नवी पिढीही नाही.

तिसरी किंमत विविधतेची. मूळ-फुटव्यांतून वाढलेला झुडपांचा ताटवा दिसायला शंभर रोपांचा असला, तरी अनेकदा तो एकाच मूळ झाडाचा विस्तार असतो. तेंदूत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. एका मुळापासून पसरलेला सगळा ताटवा त्यामुळे एकाच लिंगाचा राहतो. नव्या रोगाला किंवा बदलत्या हवामानाला तोंड देण्यासाठी लागणारे वैविध्य बियांतूनच येते. आणि बीजातून आलेले कोवळे रोप, मुळाचे कोठार भरण्याआधीच, आगीत सर्वांत आधी मरते.

शिवाय तेंदू एकटा राहत नाही. मुळातून फुटण्याची ताकद नसलेल्या वनस्पती, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, कासवे, सरडे, पाचोळ्यात राहून माती घडवणारे कीटक, यांना आगीतून परत येण्याचा असा मार्ग नसतो. मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरी आणि रानतुळस यांसारख्या बाहेरून आलेल्या वनस्पती शिरतात. जळल्यानंतर हिरवे झालेले जंगल आधीचेच जंगल असते, असे नाही.

आणि माणसे. एप्रिल २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा मृत्यू झाला. अशी कामे करणारी माणसे आमच्या मुलांच्या गावांतलीच असतात. तेंदूचे झुडूप जूनपर्यंत हिरवे होते. त्या घरांना तशी सोय नाही.

पानामागची माणसे

हे सर्व सांगताना आम्ही एक गोष्ट विसरू शकत नाही. तेंदूचे पान हे या भागातल्या हजारो घरांचे उन्हाळ्यातले उत्पन्न आहे. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. म्हणजे एका गोणीमागे ७०,००० पाने हाताने खुडलेली, निवडलेली आणि रचलेली असतात. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून निघतो, हे आमच्या पालकांना सांगण्याची गरज नाही. विडी आरोग्याला घातक आहे, हे आम्ही वर्गात शिकवतो आणि शिकवत राहू. पण पान तोडणाऱ्या किंवा विडी वळणाऱ्या हातांना दोष देऊन तो प्रश्न सुटत नाही.

आपल्या चळवळीचे या कष्टाशी जुने नाते आहे. ‘जय भीम’ या अभिवादनाचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्या कामठीच्या बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) यांनी विडी कामगारांना संघटित केले होते. विडी वळणारे हात आणि कंत्राटदार यांच्यातला व्यवहार न्याय्य व्हावा, ही त्यांची धडपड होती. तोच प्रश्न जंगलाच्या टोकालाही आहे : झुडपाविषयीचा निर्णय कोण घेतो? हंगामापुरता आलेला ठेकेदार एका वर्षाचा पाला पाहतो. पुढच्या वीस वर्षांचे जंगल तोच पाहू शकतो, ज्याला तिथेच राहायचे आहे.

महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूपत्त्यासह गौण वनोपजांवरचा हक्क गावांना दिला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव तितके प्रसिद्ध नाही. पण आमच्या पाठासाठी ते अधिक महत्त्वाचे आहे. या गावाला २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर ग्रामसभेने विचारपूर्वक ठरवले, की आपल्या जंगलात तेंदूपत्ता तोडायचा नाही. कारण पाल्यासाठी झाडे छाटली जातात आणि आगी लावल्या जातात. बांबूच्या नियोजित तोडीतून गावाने उत्पन्न उभे केले. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या निर्णयाची आवर्जून दखल घेतली आहे.

प्रत्येक गावाला हे शक्य होईल, असे आम्ही म्हणत नाही. सगळ्यांकडे पाचगावसारखा बांबू नाही. परंतु पाचगावने दाखवून दिले, की हक्क हाती आला तर गाव केवळ ‘किती तोडायचे’ एवढाच विचार करीत नाही. ‘काय राखायचे’ हेही ठरवते. ज्या गावांना पाने तोडावीच लागतात, त्यांनाही आग टाळून बेलाकटाई करता येते, दरवर्षी जंगलाचा काही भाग आळीपाळीने मोकळा सोडता येतो आणि जोमदार झुडपांपैकी काही झाडे होण्यासाठी राखता येतात.

करून पाहण्याचा पाठ

हा लेख घरातल्या मुलांसह वाचणाऱ्यांसाठी एक सोपा प्रयोग देतो. दोन सारखी रताळी घ्यावीत. रताळे हे मूळच आहे, म्हणून ते तेंदूच्या मुळाच्या जागी चालते. दोन्ही ओलसर वाळूत अर्धी पुरून उजेडात ठेवावीत. धुमारे फुटले की एका रताळ्याचे तसेच वाढू द्यावेत. दुसऱ्याचे दर पंधरा दिवसांनी बुडापासून खुडावेत. प्रत्येक वेळी नव्या धुमाऱ्यांची संख्या, लांबी आणि पानांचा आकार वहीत लिहावा. दुसरे रताळे पुन्हा फुटेल, त्यानंतरही फुटेल; पण कसे फुटते आणि स्वतः किती सुरकुतते, ते पाहावे. त्या नोंदीत या लेखातले निम्मे विवेचन मुलांना स्वतःच्या हाताने सापडेल.

दुसरे काम बाहेरचे. उन्हाळ्यात गावी गेल्यावर, किंवा नागपुरातच अंबाझरीच्या बाजूला फिरताना, जळालेला तुकडा दिसला तर मोठ्यांना सोबत घेऊन तो पाहावा. कोणत्या खुंटांना धुमारे आले, कोणत्यांना नाहीत? धुमारा खुंटातून आला की जमिनीतून? शेजारच्या न जळलेल्या तुकड्यात बीजातून आलेली रोपे किती आणि येथे किती? मूळ उकरून मात्र पाहू नये. त्याला आपले काम करू द्यावे.

तिसरे काम सर्वांचे. मोहाखालचा पाचोळा जाळण्याऐवजी खराट्याने बाजूला करावा, किंवा झाडाखाली जुनी जाळी, लुगडी पसरावीत. फुले स्वच्छ मिळतात आणि किंमतही बरी येते. विडी पूर्ण विझवूनच टाकावी. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे. वणवा दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मुलांनी आग विझवायला एकट्याने धावू नये.

उत्तर

वणव्यातून परत येणाऱ्या झुडपाचे रूपक करण्याचा मोह कोणालाही होईल. ज्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या तोडले गेले आणि तरीही उभे राहिले, त्या समाजाला तर ते अधिकच जवळचे वाटेल. पण येथे थोडे थांबावे असे आम्हांला वाटते. धम्मपदाच्या तण्हावग्गातही, मूळ शाबूत असेपर्यंत तोडलेले झाड पुन्हा वाढते, हा दृष्टान्त आहे. तेथे तो कौतुकाचा नाही. तृष्णेचे मूळ राहिले तर दुःख पुन्हा पुन्हा उगवते, असा इशारा त्यात आहे. एकच निसर्गनियम, तो कोणत्या मुळाला लावायचा, हे पाहणाऱ्याने ठरवायचे असते. म्हणून तेंदूकडून आम्ही ‘जळा आणि पुन्हा उभे राहा’ असा उपदेश घेत नाही. सोसण्याची ताकद असणे म्हणजे सोसायला लावण्याची परवानगी नव्हे, हे या झुडपाने आम्हांला अधिक स्पष्टपणे शिकवले.

त्या आठवीतल्या मुलाला आमचे उत्तर असे : तुझ्या आबाजींनी पाहिले ते खरे आहे. जळाल्यावर पाला चांगला येतो. पण तो मूळ देते, आग देत नाही. मूळ किती वर्षे देऊ शकेल, याचा हिशेब आगीला ठाऊक नसतो; तो माणसाने ठेवायचा असतो. पुढच्या सुट्टीत आबाजींना विचारून ये, की त्यांच्या लहानपणी कोणत्या टेकडीवर टेंभरांची मोठी झाडे होती आणि आज तिथे काय आहे. त्यांचे उत्तर वहीत लिहून आण. पुढच्या वर्षीचा पहिला तास आपण तिथूनच सुरू करू.